नारळ फोडून कॅश केलेलं पान

मी नांदेडचा, पण लातूरला एका कोचिंग क्लासची वेबसाइट सांभाळायला होतो. निकालाच्या दिवशी सर्व्हर असा तापायचा, की त्यावर भाकरी भाजून खाल्लीय मी, तीही दोनदा. शेवटी फ्रेमवर्कमधली पान कॅश करायची सोय चालू केली. पान एकदा तयार झालं की साठवायचं, पुढच्याला तेच वाढायचं, मेसमधल्या भाजीसारखं. कोणतं पान कोणाचं, ही खूण लावायची तेवढी राहिली.

आमच्याकडं उद्घाटनाशिवाय काही चालू होत न्हाई. सराव परीक्षेचा निकाल लावायच्या दिवशी क्लासच्या मालक सरांनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला अन् पहिल्या क्लिकचा मान स्वतः घेतला. आसन क्रमांक टाकला आपल्याच पोराचा. सातशेवीसपैकी एक्क्याण्णव!

तेच पान कॅशमध्ये जाऊन बसलं. पानावर नाव-क्रमांक छापायचा नाही, पोरांची अब्रू जाते, हा नियमही सरांचाच. पाच मिनिटांत अख्ख्या लातूरला एक्क्याण्णव. घराघरांतून असा हंबरडा उठला, की भूकंप बघितलेली म्हातारी माणसं पांघरुणासकट मैदानात जाऊन बसली. औशापर्यंत कुत्री भुंकली म्हणे.

"सर, चूक माझी हाय. कॅश बंद करतो."

"हात लावू नका!" सर खुशीत होते. "पेपरच अवघड होता. आमचा पोरगा सगळ्यांच्या बरोबरीनं हाय."

तेवढ्यात चाकूरचा एक बाप डोक्यावर लेकीची पत्र्याची पेटी घेऊन दारात आला. मागं लेक, डोळे लाल. वर्गात कायम पहिल्या दहांतली पोरगी.

"हिचं नाव काढून टाका. साडेचारच्या गाडीनं गावाकडं नेतो."

"बाबा, एक प्रश्न सोडला न्हाई मी."

"म्हणूनच एक्क्याण्णव! चुकलेल्याचे गुण कापतेत. चल. शिवणाच्या क्लासला घालतो तुला."

सरांनी माझा उजवा हात धरला. मी डाव्या हातानं कॅश बंद केली अन् मोबाईल पोरीपुढं धरला. तिनं क्रमांक टाकला. सहाशे अठ्ठावन्न.

बाप पानाकडं बघतो, माझ्याकडं बघतो. "मघाशी एक्क्याण्णव, आता हे. भरवसा काय ह्याचा? परत दाबा."

सहाशे अठ्ठावन्न.

"परत."

सात वेळा दाबलं. तेवढ्यात सरांनी मला दोनदा नोकरीवरून काढलं. साडेचारची गाडी भोंगा वाजवत समोरून निघून गेली, तवा कुठं त्यानं पेटी खाली ठेवली अन् तिच्यावरच बसला.

"अजून एकदा दाबा," तो म्हणाला. "बघायला बरं वाटायलंय."