बेण्याचा दोडका

सुलाबाईच्या परसात एका दोडक्याला लाल चिंधी बांधलेली होती. चिंधी बांधली म्हणजे तो बेण्याचा, बियांसाठी राखलेला; वेलावरच वाळेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, मग दारात जावई का येईना.

विट्यात तिचं आणि शेजारच्या हुसेनबीचं परस एकच. मधे भिंत नाही, तीस वर्षांत कुणाला घालावीशीही वाटली नाही. इकडं दोडका, वांगी, शेपू; तिकडं पुदिना, कोथिंबीर, कढीपत्ता. पाण्याची बोंब कायमचीच, म्हणून दोन्ही घरच्या मोरीचं पाणी चरातून झाडांना सोडलेलं. आणि बेणं दोन्ही घरांत निम्मं निम्मं ठेवायचं, एकीकडं उंदरानं खाल्लं तर दुसरीकडं असावं. गेल्या साली तेवढंच चुकलं. हुसेनबी लेकीच्या बाळंतपणाला सांगलीला गेली, वाटणी राहिली, यंदा सुलाबाईनं सगळं बी मातीत घातलं आणि वर आला एकच वेल. बी तिच्या आईचं, आटपाडीचं. आई गेली, माहेर मिटलं, उरला तो हा दोडका.

तिचा नवरा कृष्णात गलाईवाला. पस्तीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळलं. दिवाळीला यायचा, दिवाळी झाली की जायचा. यंदा दुकान सोडून कायमचा घरी आला, आणि रिकामा माणूस घरात म्हणजे काय सांगावं! एका दुपारी ओळखीच्या सोनाराची चांदी शुद्ध करून देतो म्हणून बसला आणि उरलेलं तेजाबाचं पाणी मोरीत ओतून मोकळा झाला. तेजाबाबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं. घरची मोरी कुठं जाते, तेवढं ठाऊक नव्हतं.

सकाळी पुदिना काळा पडला होता आणि वेलाची पानं करपली होती. चिंधीचा दोडका अजून हिरवा, कोवळा.

"काय वतलं मोरीत?" सुलाबाईनं विचारलं.

"तेजाब. जरासंच." कृष्णातनं मान खाली घातली. "जाऊ दे की. दोडक्याचं बी बाजारात मिळतंय."

"माझ्या आईच्या हातचं मिळतंय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला राग आला. तिनं पदर खोचला. "ह्यो दोडका वाळंस्तवर वेल मरू द्यायचा न्हाई. उचला घागर!"

तेवढ्यात हुसेनबी चुलीतल्या राखेची पाटी घेऊन आली. "सुला, आंबटाला राख मारती. घाल बुडात."

"बरूबर हाय त्यांचं," कृष्णात म्हणाला. "दुकानात आमी सोडा टाकायचो."

"मग काल कुठं गेला हुता तुमचा सोडा?"

दोघींनी मुळं न दुखवता वरची माती खरवडली, राख कालवली, चराचं तोंड बुजवलं. दोन गल्ल्या पलीकडच्या हापशावरून चांगलं पाणी आणायचं काम कृष्णातवर आलं. गल्लीतले विचारायचे, "शेठ, आता पाणक्या झाला काय?" तो घागर खांद्यावर घेऊन पुढं चालायचा. हुसेनबीचा पुदिना गेला तो गेलाच, पण तिनं शब्द काढला नाही. तिचं ते न बोलणं सुलाबाईला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पानं गळत राहिली. दहाव्या दिवशी बोटाएवढाच देठ हिरवा होता. "सोड आता," हुसेनबीसुद्धा म्हणाली. सुलाबाईनं सोडलं नाही. दुपारच्या उन्हात वेलावर जुनं लुगडं धरलं, सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्यानं पाणी घातलं.

तेविसाव्या दिवशी दोडका वाळून खुळखुळला. तिनं बी वाटीतल्या पाण्यात टाकलं. पोचट होतं ते तरंगलं. तळाला बसल्या सात बिया.

तीन हुसेनबीच्या हातात, तीन आपल्या डबीत. सातवी तिनं कृष्णातच्या तळहातावर ठेवली. सोन्याचा कण जपावा तशी त्यानं मूठ मिटली.

"कुठं ठिवू ही?"

"ठिवायची न्हाई, लावायची. तेजाब गेलं तितंच, माती बदलून. रोज पाणी घालायचं. आन् आता घर सोडून कुठं जायाचं न्हाई."

पस्तीस वर्षांत हे तिनं पहिल्यांदा बोलून दाखवलं. कृष्णात कुदळ शोधायला उठला. ती कुठं असते, हेही त्याला तिलाच विचारावं लागलं.