सांबाराची जुडी

आमचं स्वतःचं वावर नव्हतं. अकोटजवळ दुसऱ्याच्या विहिरीवर अर्धा एकर बटईनं करायचो. मेथी, पालक, सांबार. मायलेकींत धड चप्पल एकच; बाजाराच्या दिवशी मायच्या पायात, परीक्षेच्या दिवशी माझ्या. घरातलं कोणी शाळेपलीकडे गेलं नव्हतं. मी अमरावतीच्या कॉलेजात बी.ए. झाले. हे मी कुठंही आधी सांगते. लाज कशाची?

पहिलं नाटक कॉलेजात असतानाच लिहिलं, भाजी विकणाऱ्या बाईचं. सुटीत घरी आले तेव्हा माय अंगणात उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधत होती. तिला वाचून दाखवलं. नाटकातली बाई ओरडते, "कोथिंबीर घ्या, ताजी कोथिंबीर!"

"हे कोथिंबीर कोनाची पोरगी वं?" मायनं विचारलं.

बाबा खाटेवरून हसले. "सांबाराले म्हंते ते. शिकलेले लोकं कोथिंबीर म्हंतात."

"मंग या बाईले कोनं शिकवलं? मी असी बोंबलली असती तं सांबार टोपल्यातच वाळला असता."

नाटक वाचून संपलं तेव्हा टोपलं भरलं होतं. एकाही वाक्याला तिचा हात थांबला नव्हता. आधी राग आला, मग रडू. जिच्यावर लिहिलं तिलाच ते कळत नव्हतं. मग माझं शिक्षण कोणाच्या कामाचं?

सगळं पुन्हा लिहिलं. पुढच्या सुटीत तिथंच बसून वाचलं. "घ्या वं बाई सांबार! वास घ्याचे पैसे नाई लागत!"

मायचा हात थांबला. "हे तं मी म्हनली होती. त्या मास्तरीनबाईले."

"हो."

"मले इचारलं होतं का?" म्हणाली, आणि हसतच सुटली. अर्धी मेथी तशीच राहिली.

"तुह्या नाटकानं बाजार बुडवला," बाबा म्हणाले. माझं पहिलं बक्षीस ते.

तेव्हापासून जिथं तिचा हात थांबतो तिथं वहीत खूण करते. बिनखुणेची पानं फाडते. भाजीवालीचं काम मीच केलं, अमरावतीत, अकोल्यात, शाळांच्या मैदानांवर. पुढं त्याच नाटकावर सिनेमा काढला, तेव्हा संकलन करणारा मुलगा म्हणाला, "ताई, सांबार म्हटलं की लोकांना इडली आठवेल. कोथिंबीर करू या?"

"नाही करायचं. सांबाराची जुडी बांधणारे हात जवळून दाखव."

सिनेमात भाजीवाली मीच, पण ते हात मायचे होते. तशी जुडी मला आजही जमत नाही.

अकोल्यात सिनेमा दाखवला तेव्हा ती पुढच्या रांगेत बसली होती. पडद्यावर भलेमोठे हात आले, सांबाराला गाठ मारली, आणि माय मोठ्यानं म्हणाली, "ढिली बांधली वं!" सगळं सभागृह हसलं. इडली कोणालाच आठवली नाही.

तीन नाटकं लिहिली, तिन्हींत काम केलं, एक सिनेमा काढला. सगळं मायला कळतं.