चार वाजेपर्यंत

काल सुनेनं ट्रंकेतली जुनी सतरंजी काढली आणि हॉलमध्ये माझ्यासमोरच अंथरून कंबरेचा व्यायाम सुरू केला. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी भांडगावच्या घरात जाऊन पोहोचलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाकून शेवंती तोडता तोडता माझ्या बायकोची, सुमनची कंबर धरली होती. डॉक्टरांनी रोज वीस मिनिटं जमिनीवर पडून व्यायाम करायला सांगितलं होतं. पण सासरे ओसरीवर बसलेले असताना सुनेनं दिवसा आडवं कसं व्हायचं? म्हणून माझे वडील, आबा, जेवून देवळाकडं गेले की ती ही सतरंजी टाकायची.

त्या दुपारी गुडघे मुडपून तिनं कंबर वर उचलली होती आणि चष्मा विसरलेले आबा दारात आले. ती झटक्यात उठली आणि कळवळली.

आबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "पड पोरी. मला चष्म्याबिगर काय दिसतंय व्हय?"

"न्हाई आबा, सतरंजी झटकत हुते."

दुसऱ्या दिवसापासून आबा भर उन्हात निघताना मोठ्यानं सांगायचे, "चार वाजेपर्यंत येत न्हाई गं." सुमन 'व्हय' म्हणायची आणि तांदूळ निवडायला बसायची. व्यायामाला ती पुन्हा कधी आडवी झाली नाही.

आता ती भिंत धरून चालते. काल सुनेकडं बराच वेळ बघत उभी होती.

आबा मात्र जाईपर्यंत रोज देवळाच्या पायरीवर चार वाजवत राहिले, घरी सुनेचा व्यायाम चालला असेल म्हणून.