अर्धं पुसून टाकणारी

तिला सगळे पुसूताई म्हणत. पार्लरमधल्या पोरींनी ठेवलेलं नाव. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागल्या, आणि शेवटी गिऱ्हाइकंही दारातूनच विचारायची, "पुसूताई आल्यात का?" नाव उगाच चिकटलं नव्हतं. कुठल्याही चेहऱ्यावर ती जेवढं लावायची, त्यातलं निम्मं शेवटी कागदी रुमालाने टिपून काढायची. "लावायला काय, कुणालाही येतं," ती म्हणायची. "पुसता आलं पाहिजे."

हे तिला वडिलांकडून आलं होतं. वडील लोकांची घरं रंगवायचे. भिंतीला पहिला हात, दुसरा हात, आणि मग मागे सरून ते डोळे बारीक करून बघत बसायचे. "रंग दिसला म्हणजे मजूर दिसला," ते म्हणायचे. "भिंत दिसली पाहिजे." जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उजळून ते स्वतः पोपडे सुटलेल्या खोलीत गेले. मुलीने भिंतींऐवजी चेहरे घेतले, एवढाच काय तो फरक.

लग्न झालं, टिकलं नाही. नवरा म्हणायचा, "माझ्याशी बोलताना तू माझ्या तोंडाकडे बघत नाहीस, हनुवटीकडे बघतेस." खरंच होतं ते. दाढी करताना तिथला एक ठिपका त्याच्याकडून रोज राहायचा, आणि तिला तो दिसायचा. तिसऱ्या वर्षी तो गेला आणि ती भावाच्या घरी मागच्या खोलीत आली. वहिनी वाईट नव्हती. चांगलीही नव्हती. भाची मात्र आत्याच्या अंगाखांद्यावर वाढली.

पार्लरमध्ये चार खुर्च्या होत्या. पहिली खिडकीशी, पूर्वेच्या उजेडात. बाकीच्या तीन आत आत, ट्यूबलाइटखाली. खिडकीची खुर्ची बावीस वर्षं पुसूताईची. खुर्चीचे हात पार गुळगुळीत झाले होते, बैठकीचं रेक्झिन तिने स्वतः दोनदा शिवून घेतलं होतं. ती म्हणायची, ट्यूबच्या उजेडात मेलेलं माणूसही बरं दिसतं आणि जिवंत माणूस मेलेलं दिसतं. खरं काय ते खिडकीत कळतं.

उन्हाळा लागला की तिच्याकडे कोवळ्या पोरींची रांग लागायची. कॉलेजातल्या, नव्या नोकरीवरच्या, कुणाच्या तरी नजरेत भरायचं ठरवून आलेल्या. "ताई, असं करा की केलंय असं वाटणार नाही." पुसूताई त्यांना आधी गार पाण्याने तोंड धुवायला लावायची. मग पातळ क्रीम, त्यावर उन्हाचं मलम. रंगीत क्रीम फक्त नाकाच्या कडेला आणि डोळ्यांखाली, तेही डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर घोळवून, बोट कोमट झाल्यावर. ओठांना जो रंग, त्याचाच एक ठिपका गालांना. भुवया नुसत्या विंचरलेल्या. "अठरा वर्षांच्या कातडीवर काय लावायचं असतं गं? तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं असतं." आणि मग टिपणं. शेवटी हातात आरसा देऊन पोरीला दाराबाहेर रस्त्यावर न्यायची. उन्हात पास झाली तरच पैसे घ्यायचे, असा तिचा हट्ट. मालकीणबाईंना तो परवडायचा नाही, पण रांग परवडायची.

तिचा आणखी एक नियम होता, आणि तो चारही खुर्च्यांना लागू होता. फार वर्षांपूर्वी एकीच्या गालावर हात फिरत असताना शेजारची पोरगी सहज बोलून गेली होती, "अगं बाई, जरा गडदच झालं की." गिऱ्हाईक रडायलाच लागलं आणि अर्ध्या चेहऱ्याने उठून गेलं. त्या दिवशी पुसूताईने सगळ्यांना फैलावर घेतलं. दुसरीचा हात चेहऱ्यावर आहे तोवर आपलं तोंड शिवलेलं. जे सांगायचं ते काम उरकल्यावर. नवी पोरगी आली की पहिल्याच दिवशी हा नियम तिच्याकडून तीनदा म्हणून घेतला जायचा.

धाकटीनेही तो म्हटला होता. तिला सगळे धाकटी म्हणत, कारण ती सगळ्यात शेवटी आली होती आणि सगळ्यात लहान होती. दोन वर्षांत ती पुसूताईकडून सगळं शिकली, टिपणं सोडून. "ताई, लोकांनी पैसे मोजलेत, त्यांना काहीतरी दिसायला नको का?" ती विचारायची. संध्याकाळी घरी जाऊन मोबाइलवर कुठले कुठले धडे बघायची. हात जड होता, पण चपळ होता.

त्या वर्षी मालकीणबाईंच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. खिडकीच्या कोपऱ्यात तरुण मुलींसाठी वेगळा विभाग करायचा, बाहेर हा एवढा मोठा फलक लावायचा: उन्हाळ्याचा साधा, हलका मेकअप. फलकावर एक चेहरा हवा.

"दोघी एकेक चेहरा करा," मालकीणबाई म्हणाल्या. "फोटोवाला परवा येतोय. जिचा फोटो फलकावर लागेल, खिडकी तिची."

"खिडकी माझीच आहे," पुसूताई म्हणाली.

"आहेच हो. मी कुठं नाही म्हणतेय? पण मुलींना वाटतं, आपल्या वयाचं कुणीतरी असावं. आता मी तुम्हाला काय सांगू, तुम्हीच जाणत्या."

जाणत्या म्हटलं की माणसाला मोडीत काढलंच असं समजावं. पुसूताई एक्कावन्नची होती. त्या रात्री तिने वहिनीला काही सांगितलं नाही. भाचीला एवढंच म्हणाली, "परवा मला तुझं तोंड दे."

"कायमचं नाही ना?" भाची हसली.

ठरल्या दिवशी दुपारी पुसूताईने जन्मात केलं नसेल इतकं नीट काम केलं. भाचीची कातडी उन्हात चटकन लाल व्हायची, म्हणून तिने नवं, जाड, पांढरं मलम आणलं होतं, चांगलं कडक उन्हासाठीचं. ते तिने कपाळापासून हनुवटीपर्यंत दोनदा चोळलं, मुरवलं, वरून बाकीचं सगळं, आणि मग निम्मं टिपलं. शेजारच्या खुर्चीत धाकटी स्वतःचाच चेहरा करत होती, थरावर थर. एकदा तिची नजर त्या मलमाच्या ट्यूबवर गेली. तिचा ब्रश हवेतच थांबला. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पुसूताईला आरशात ते दिसलं. तिला वाटलं, पोरीला हेवा वाटला.

मग तिने भाचीला रस्त्यावर नेलं. ऊन पडलं होतं. त्या उन्हात ते तोंड इतकं स्वच्छ दिसलं, की पलीकडच्या दुकानातला शिंपी कात्री हातात धरून बघतच राहिला. "आत्या, मी अशी आहे?" भाचीने विचारलं. पुसूताईने तिच्या कपाळावरची बट मागे सारली. "अशीच आहेस," ती म्हणाली.

फोटोवाला आला आणि आल्या आल्या त्याने खिडकीचा पडदा ओढला.

"अहो, उजेड जाईल ना!"

"हा उजेड नकोच मला, बाई. घडीघडीला बदलतो. माझा मी आणलाय."

बावीस वर्षांत पुसूताईने फ्लॅशसाठी चेहरा केला नव्हता. तिचं काम सकाळचं, दुपारचं, रस्त्याचं. लखकन उजेड पडला, एकदा, दोनदा, सहादा. मग सगळे त्याच्या छोट्या पडद्याभोवती जमले.

पडद्यावर भाचीची मान भाचीची होती, कान तिचे होते, आणि मधे एक पांढराफटक मुखवटा होता. जसं कुणी राखेत तोंड बुडवून काढावं. उन्हाला परतवून लावायला त्या मलमात जी पांढरी भुकटी होती, तिने फ्लॅशलाही परतवून लावलं होतं. तिचं काम तिने इमानाने केलं होतं.

"आत्या," भाची हळूच म्हणाली, "मी भूत दिसतेय." आणि सगळे हसले म्हणून तीही हसली. मग न्हाणीघरात जाऊन तोंड खसाखसा धुवत राहिली.

"धुऊन परत करते," पुसूताई म्हणाली. "अर्धा तास द्या मला."

"मला पुढे जायचंय," फोटोवाला म्हणाला.

धाकटी समोर बसली. आरशात तिचं तोंड लिंपलेल्या भिंतीसारखं होतं. फोटोत ते सकाळी उमललेल्या कशासारखं तरी आलं. साधं, हलकं, उन्हाळ्याचं. मालकीणबाई म्हणाल्या, "हे बघा. केलंय असं वाटतंय तरी का?"

सगळे गेल्यावर पुसूताईने धाकटीला गाठलं. "तुला माहीत होतं."

धाकटी ब्रश पुसत राहिली. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा हात चेहऱ्यावर होता, ताई. तुम्हीच तीनदा म्हणायला लावलं होतंत."

"आणि हात काढल्यावर?"

"हात काढल्यावर तुम्ही तिला घेऊन उन्हात गेलात," धाकटी म्हणाली. मग तिने उरलेलं सांगितलं, कारण ती खोटारडी नव्हती. "आणि मला खिडकी हवी होती."

पोरगी नियमाने वागली होती. स्वतःच्या हाताने विणलेल्या दोरीत पाय अडकला तर शिव्या कुणाला द्यायच्या? घरी जाताना भाची तिच्याशी नेहमीसारखीच बोलत होती, जरा जास्तच नेहमीसारखी.

पुसूताईला चौथी खुर्ची मिळाली, शेवटच्या ट्यूबखालची. काम भुवयांचं. दोऱ्याचं एक टोक दातात, दोन बोटांत पीळ, आणि सटासट केस उपटायचे. दोन आठवड्यांत तिचा ओठ कोपऱ्याशी कापला गेला. "तुमच्या हाताला काय गोडी आहे हो," मालकीणबाई येता-जाता म्हणायच्या. "दुखतच नाही." बाहेर फलकावर धाकटी हसत होती. गिऱ्हाइकं आत येऊन विचारायची, "पुसूताई?" आणि कुणीतरी आत बोट दाखवायचं.

एका सकाळी खिडकीत एक पोरगी येऊन बसली. अठरा-एकोणीसची, इस्त्री केलेला सदरा, मांडीवर कागदांची फाइल घट्ट धरलेली. नोकरीचा पहिला दिवस, तिने सांगितलं. कचेरी लांब होती, चालतच जायचं होतं. बाहेर आठ वाजताच रस्ता तापला होता.

धाकटीने थर द्यायला सुरुवात केली. पहिला हात, दुसरा हात. वर पावडर, पुन्हा हात. पुसूताई आरशातून बघत होती. तिला पुढचं सगळं दिसत होतं: तिसऱ्या चौकापर्यंत नाकावर चिरा पडणार, पाचव्यापर्यंत हनुवटीवरून ओघळ सदऱ्याच्या कॉलरवर येणार, आणि कचेरीच्या दारात कुणीतरी त्या पोरीकडे बघून न बघितल्यासारखं करणार. एका कागदी रुमालाचं काम होतं.

आरशात धाकटीची नजर तिच्या नजरेला भिडली. ब्रश क्षणभर थांबला. टिपू का, असं धाकटी विचारत होती; मनापासून विचारत होती.

पुसूताईच्या दातात दोरा होता. तो सोडायला काही लागत नव्हतं, नुसते दात उघडायचे होते. आणि नियम? नियम तिचाच होता, मोडला असता तर विचारणारं कोण होतं? तिने दोरा आणखी घट्ट धरला. जिभेवर दोऱ्याची चव आली, कापलेल्या ओठाची खारट चव आली, आणि त्या दोन्हींच्या खालून आणखी एक चव आली, जी वाईट नव्हती.

पोरीने आरशात स्वतःला बघितलं. "किती छान," ती म्हणाली, फाइल उचलली आणि निघाली. तिला हातात आरसा देऊन दाराबाहेर कुणी नेलं नाही. ती एकटीच गेली.

पुसूताईने समोरच्या भुवईवर दोरा लावला. खुर्चीतली बाई कळवळली, "आई गं! हळू की हो."

"झालंच," दातांच्या फटीतून पुसूताई म्हणाली, आणि उन्हाकडे पाठ करून पुढचा केस ओढला.