उजवी पाकळी

"पाकळ्या दे."

"देत न्हाय."

"नीरा, देवळात सगळं गाव येऊन बसलंय. खोत येऊन बसलाय. ताटात हळद हाय, कुंकू हाय, पाकळ्या तेवढ्या न्हाईत. मी तितं जाऊन काय सांगू?"

"सांगा, बायकोनं दिल्या न्हाईत. जीभ हाय की तुमाला. का तीबी खोताकडं ठेवून आलात?"

तुळशीराम गुरव मागच्या पडवीत ओलेत्या धोतरानिशी उभा होता, आणि नीराबाई परसातल्या सोनचाफ्याच्या बुंध्याशी, हातात फुलं काढायची आकडी घेऊन. आख्ख्या गावात सोनचाफा हा एवढाच. ग्रामदेव भैरीच्या कौलाला पाकळ्या जायच्या त्या याच झाडाच्या, आणि बावीस वर्षं त्या काढल्या होत्या नीराबाईनं.

"कौलाच्या दिवशी भांडू नये गो."

"आनि कौलाच्या दिवशी फनसाचा चीक चालतो?"

तुळशीरामनं चटकन कुंपणाकडे पाहिलं. "हळू बोल."

"का? देवानं ऐकलेलं चालतं, गावानं ऐकलेलं न्हाय चालत. असंच ना?"

"तुला काय, बोलायला जातंय काय! खोतानं देवाची जमीन काढून घेतली तर खायचं काय? आपली चार तोंडं हायत."

"केसर काय खाईल?"

"केसर एकटी हाय."

"व्हय. एकटी हाय, म्हनूनच सोपी हाय तुमाला!"

हे भांडण एकोणीसशे तेहेतीसच्या वैशाखातलं. दिघीच्या खाडीच्या अलीकडे, समुद्राला पाठ टेकून बसल्यासारखं ते गाव. कौल लावल्याशिवाय तिथे मचवा पाण्यात ढकलत नसत, सोयरीक जुळवत नसत, बांधाचा तंटासुद्धा मिटवत नसत. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, एक पाकळी भैरीच्या पाषाणाच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही.

नीराबाई या घरात आली अकराव्या वर्षी, हरिहरेश्वराकडून. सासऱ्यानं तिला पहिल्याच आठवड्यात झाडाखाली उभं करून शिकवलं होतं. "पोरी, दोनी पाकळ्या एकाच फुलाच्या. एकाच पान्यात बुडवायच्या. लावल्या की हात जोडून मागं सरायचं. आपला श्वाससुदिक त्यांना लागता कामा नये. मग जे पडंल ते देवाचं." म्हातारा गाऱ्हाणं घालून झालं की खरंच श्वास रोखून धरायचा, एकदा तर घेरी येऊन पडला होता.

तिनं स्वतःसाठी कौल मागितला तो एकदाच. माहेरी आई आजारी होती, जाऊ का, म्हणून. डावी पडली. ती गेली नाही. आई गेली. नीराबाई परसात बसून रडली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आकडी घेऊन झाडाखाली उभी राहिली. देव नाही म्हणाला होता. सासऱ्याच्या हातून म्हणाला होता, म्हणजे तो देवच होता. त्या 'नाही'बद्दल तिनं जन्मात कधी कुरकुर केली नाही.

सासरा गेला, ताट तुळशीरामच्या हाती आलं. आणि मग नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस आला.

भिकू तांडेलाची ठमी तापानं फणफणली होती. तेरा वर्षांची पोर. भिकूच्या मनात तिला मचव्यात घालून खाडीपलीकडे आगरदांड्याला मोहम्मद हकिमाकडे न्यायचं होतं. पण त्याच दिवशी येसाजी खोताची सुपारी भरायची होती मुंबईसाठी, त्याच मचव्यात, पाऊस डोक्यावर आलेला. "तापातल्या पोरीला पान्यावर न्यावं का, विचार देवाला," खोत म्हणाला. भिकूनं विचारलं. डावी पडली. भिकू देवाला नमस्कार करून सुपारी घेऊन मुंबईला गेला. परतला तेव्हा ठमीची राखसुद्धा सावडून झाली होती.

ठमीचा कौल लावला त्या दिवशी दुपारी तुळशीराम पडवीत बसून अंगठ्याला खोबरेल चोळत होता.

"काय लागलं?" नीराबाईनं विचारलं.

"चीक. फनसाचा. पान्यानं जात न्हाय."

तिनं आणखी तेल आणून दिलं. घरात त्या दिवशी फणस कापलेला नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं ते ठमी गेल्यावर. मग एकेक उलगडलं. उजव्या पाकळीला मागून चिकाचा ठिपका लावला की ती पाषाणाला धरून बसते. नुसत्या पाण्यावरची डावी बिचारी वाळते आणि गळून पडते. झाला कौल.

तिनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पोर तशीबी जगली नसती." ती गप्प बसली. नऊ वर्षं गप्प बसली आणि रोज फुलं देत राहिली. नवऱ्याचा तिला राग होता, खोताचा होता, पण सगळ्यांत जास्त राग त्या फुलं काढणाऱ्या हातांचा होता.

आता गावात पटकीची साथ आली होती. कोळीवाड्यात चार पोरं गेली. आणि खोताला एकदम साक्षात्कार झाला, की हे केसरचं काम. केसर ही बोंबील वाळवून विकणारी विधवा कोळीण, बंदराला लागून तिचं खोपट, शेजारी सात माड. त्या जागेवर खोताला वखार घालायची होती. केसरनं दोनदा नाही म्हटलं होतं, दुसऱ्यांदा तर हातात कोयता घेऊन. अशा बाईला चेटूक येणारच!

काल दुपारी खोत याच पडवीत येऊन, नीराबाईच्याच हातचं कोकमाचं सरबत पीत बोलला होता. "तुळशीराम, 'केसरला गावात राहू द्यावं का' एवढंच विचारायचं. देव काय ते सांगेल. बंदरावरची जागा मोकळी झाली, तर देवळाला पुढं मंडप घालून देईन म्हणतो. आणि देवाची जमीन अजून तूच कसतोस, नव्हे का?"

सरबताचा पेला त्यानं जमिनीवर ठेवला, तो तिनं राखेनं तीनदा घासला.

"पाकळ्या दे, नीरा. शेवटचं सांगतो."

"देवाला वाचा न्हाय म्हनून त्याच्या तोंडात खोताची जीभ घालता?" ती म्हणाली. मग आकडी वर करून तिनं एक फूल खाली ओढलं. "चला तुमी पुढं. मी घेऊन येते."

तुळशीरामनं सुस्कारा सोडला. बाई वळली, असं त्याला वाटलं. ती परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात फणसाखाली वाकली, ते त्यानं पाहिलं नाही.

देवळात बाप्ये खांबांच्या आत, बायका बाहेर. केसर पायरीखाली उन्हात बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. तिच्याभोवती चार हात जागा मोकळी सोडलेली. नीराबाई तिच्याजवळून गेली आणि सरळ खांबांच्या आत शिरली.

"वहिनी, ताटात ठेवा आणि बाहेर बसा," खोत म्हणाला.

"बसते, खोतदादा. आदी गावाला एक गंमत दाखवते."

सभामंडपाचा पुढचा खांब तेलानं काळा गुळगुळीत झालेला. तिनं दोन पाकळ्या तांब्यात बुडवल्या. कनवटीचं फणसाचं देठ काढून एका पाकळीला मागून लावलं, सगळ्यांना दिसेल असं. ती खांबाच्या उजव्या अंगाला चिकटवली, दुसरी डाव्या. मग हात जोडून, सासऱ्यासारखा सूर लावून म्हणाली, "बा खांबा! येसाजी खोत चांगला मानूस हाय का? असंल तर उजवी दे."

कुणीतरी फिसकन हसलं. खोत अर्धा उठला. "हा काय चावटपणा चाललाय?"

"थांबा हो, खांबाला बोलू द्या."

वैशाखातलं वारं. थोड्या वेळात डावी पाकळी कडेनं सुटली, भिंगरत खाली आली. बायकांत खसखस पिकली. नीराबाईनं नव्या पाकळ्या घेतल्या, चीक आता डावीला लावला. "बा खांबा, पुन्हा विचारते. खोत चांगला हाय का?"

उजवी पडली.

"बगा," नीराबाई म्हणाली, "बसल्या जागी सुधारला मानूस!"

आता पुरुषसुद्धा हसले. पण ते हसू मध्येच तुटलं. एकेकाची नजर खांबावरून गाभाऱ्याकडे गेली, गाभाऱ्यावरून तुळशीरामच्या पाकळ्या चिकटवणाऱ्या अंगठ्याकडे. जो तो आपापले कौल आठवू लागला. मोडलेली सोयरीक. सोडलेला बांध. न काढलेली विहीर.

नीराबाईला वाटलं होतं, आता गाव खोतावर उठेल.

गाव तिच्यावर उठलं.

"बाय, देव बाटवलास तू!"

"गुरवाच्या घरची असून? पाप लागंल पाप!"

"माझी लेक कौलावर दिली मी. आता काय परत आनू?"

खोतानं हे सगळं होऊ दिलं. मग शांतपणे हात वर केला. "मंडळी, हिशेब सोपा आहे. एक तर इतकी वर्षं आपला देव खोटा होता, नाही तर आज ही बाई खोटी आहे. बोला, काय मानायचं?"

काय मानणं सोयीचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांतूनच एक म्हातारी ओरडली, "नीरे, कानाला हात लाव. खोटं बोलले म्हन, आनि सुट!"

"न्हाय म्हननार." तिनं गाभाऱ्याकडे हात केला. "देव खोटा न्हाय. तुमी त्याला तोंड उघडू कवा दिलंत? तो नुसता बसलाय तितं, आनि त्याच्या आडून हा मानूस बोलतोय! आनि मी... मी फुलं पुरवत व्हते. मला काय पाप लागायचं ते लागून गेलंय."

तेव्हा भिकू तांडेल उठला. पुढे आला तो नीराबाईशी भांडायला नव्हे. त्यानं तिच्यापुढे हात जोडले.

"बाय, खोटं हाय म्हन गो. तुझ्या पाया पडतो. नऊ वर्सं मी घरात सांगत आलोय, ठमीला देवानं नेली, देवाची मर्जी. तिच्या आयसला तेवढंच सांगून गप केलीय. ते तरी ठेव माझ्याकडं."

त्या एका क्षणाला नीराबाई डगमगली. खोताशी भांडणं सोपं होतं. खांबाला हात टेकून ती म्हणाली, "भिकूदादा, मी तुमची गुन्हेगार हाय. मला ठावं व्हतं आनि मी बोलले न्हाय. आज पुन्हा गप बसले तर ती केसर तितं बसलीय, तिची ठमी व्हईल. मला मारा हवं तर. पन खोटं हाय असं न्हाय म्हननार."

"वेड लागलंय तिला," खोत म्हणाला. "कशाला वाद? देवालाच विचारू. तुळशीराम, लाव कौल. तुझी बायको खरं बोलते का, एवढंच विचार. उजवी की डावी, गाव मानेल."

"मानू! मानू!"

खांबाजवळचं ते उरलेलं फूल कुणीतरी ताटात आणून टाकलं. तुळशीरामनं ताट उचललं आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेला. दोन पाकळ्या काढल्या. पाण्यात बुडवल्या. सगळं गाव देवाकडे न पाहता त्याच्या अंगठ्याकडे पाहत होतं. नीराबाईसुद्धा. बोला की, ती मनातल्या मनात ओरडत होती, तोंड हाय ना तुमाला, एकदा तरी स्वतःच्या तोंडानं बोला!

"थांब, गुरवा," भिकू म्हणाला.

तो तुळशीराम आणि पाषाण यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. हात आता जोडलेले नव्हते.

"देवाला नंतर विचार. आदी मी तुला विचारतो. माझ्या ठमीच्या वक्ताला उजव्या पाकळीला मागनं काय लावलंवतंस?"

खोत म्हणाला, "भिकू, बाजूला हो," पण भिकूनं त्याच्याकडे मान वळवली नाही.

"नुसतं पानी का?"

तुळशीरामच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

"गुरवा, एक शबूद बोल. पानी व्हतं म्हन. मी मानीन."

तुळशीरामनं ताट खाली ठेवलं. उंबऱ्यावरून मागे सरला, वळला आणि माणसांमधून वाट काढत चालू लागला. नीराबाईच्या अंगावरून गेला तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही. ती त्याच्या वाटेतून बाजूलाही झाली नाही; त्यालाच वळसा घालावा लागला.

"पानी व्हतं का, गुरवा?" मागून भिकूचा आवाज आला.

तुळशीराम पायऱ्या उतरला, केसरच्या समोरून उन्हात गेला आणि वाडीच्या वळणावर दिसेनासा झाला.