ढब्बूचा पाहणी अहवाल

तडेसाहेबांचं खरं आडनाव तडे नव्हतं. विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचं काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी भिंतीवरच्या तड्यांकडे जायची, म्हणून हापिसातल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा सासूबाईंची विचारपूस करायच्या आधी त्यांनी माजघरातल्या तुळईवर बोटानं टकटक करून पाहिलं होतं. ती तुळई दोन वर्षांनी खरंच खाली आली. पण सासरच्यांनी त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

त्यांच्या कामाचा एक छापील फॉर्म होता, सात रकान्यांचा. वस्तूचं नाव, वय, आधीपासूनचे दोष, झालेलं नुकसान, कारण, पुढचा धोका, आणि शेवटी 'उरलेले आयुष्य'. फ्रिज असला तर चार वर्षं, पत्र्याचं छप्पर असलं तर सहा, जुनी लिफ्ट असली तर 'ताबडतोब बंद करावी'. हाताखालच्या कुणी एखादा रकाना रिकामा ठेवला तर तडेसाहेब तो कागद तसाच परत पाठवायचे. रिकामा रकाना म्हणजे आळस, असं त्यांचं ठाम मत. त्यांची बायको शाळेत ग्रंथपाल होती, सगळे तिला बाईच म्हणत. ती कधीकधी चिडवायची, "माझ्यापुढे किती लिहिलंय हो?" त्यावर साहेब गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "तुझा फॉर्म अजून उघडलेला नाही."

अशा माणसाच्या घरात ढब्बू कसा शिरला याचं नवल सगळ्या इमारतीला होतं. बाईंनी शाळेच्या फाटकापाशी सापडलेलं पिल्लू 'दोन दिवसांसाठी' म्हणून आणलं. आता त्या दोन दिवसांना साडेनऊ वर्षं झाली होती. ढब्बू अंगानं नावाप्रमाणेच होता, स्वभावानं भित्रा आणि आवाजानं वाघ. साहेब त्याला सकाळी फिरवायचे, पाय पुसायचे, आणि कुणी बघत नाही अशी खात्री करून त्याच्याशी बोलायचे.

मग इमारतीच्या समितीनं ठराव केला. कुत्री ठेवायची नाहीत, तीन महिन्यांत सोय करा. साहेबांनी दोन अर्ज दिले, एकदा भांडून पाहिलं, शेवटी हात टेकले. बाईंचा धाकटा भाऊ मदतीला धावला. त्याची लाकडाची वखार होती. "आण माझ्याकडे. राखणीला कुत्रा हवाच आहे. साखळी चांगली लांब ठेवतो," तो म्हणाला. बिचारा मनापासून म्हणाला. पण साखळीचं नाव निघाल्याबरोबर साहेबांनी विषय बदलला. आयुष्यात ढब्बूला फिरायच्या पट्ट्याखेरीज काही बांधलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ढब्बूचे मागचे पाय दाबून पाहिले. "वाळूत चालवा, पाण्यात पोहू द्या. फरशीवर हा फार दिवस उभा राहायचा नाही," त्या म्हणाल्या. म्हणून मग समुद्रकाठ ठरला. बदली मागितली तर मिळणार होती, कारण खारा वारा लोखंड खातो आणि किनाऱ्यावर पाहणी करणाऱ्याला कामाची ददात नसते. बाई नोकरी सोडायला तयार होत्या. बावन्नाव्या वर्षी बिऱ्हाड हलवायचं, तेही कुत्र्यापायी, म्हणून नातेवाईक हसले. साहेबांना हसण्याची फिकीर नव्हती. त्यांना फिकीर होती ती गावाची.

गाव निवडताना साहेबांनी जे केलं त्यानं बाईंच्या नाकी नऊ आले. पहिल्या गावात किनारा सुरेख होता, पण सकाळी आठ ते संध्याकाळी सात कुत्र्यांना मनाई. दुसऱ्या गावात कुत्र्यांचं राज्यच होतं. दुकानांबाहेर पाण्याची भांडी, बाकांखाली सावली. पण धक्क्यावरच्या फळ्यांमधली फट साहेबांनी पट्टीनं मोजली, मग ढब्बूचा पंजा मोजला, आणि मान हलवली. तिसऱ्या गावात धुकं पडलं की भोंगा वाजायचा. ढब्बू शिट्टीलाही घाबरतो, भोंग्यानं त्याचं काळीज फुटेल. एका गावात तर सगळं जमलं होतं, पण दवाखाना एकवीस मिनिटांवर.

"एकवीस मिनिटं म्हणजे काही फार नाही हो," बाई म्हणाल्या.

"वेळ आली की फार असतात."

"आणि समितीची मुदत संपली की? वखारीपासून दवाखाना किती मिनिटांवर आहे, मोजलंत?"

वखार त्यांनी मोजली नव्हती. तिकडे पाहायचीच त्यांना भीती वाटत होती. तीन महिन्यांतले आता अकरा दिवस उरले होते आणि रोज सकाळी डोळे उघडले की पहिला तोच आकडा समोर यायचा.

पाचव्या गावात घर मिळालं. म्हणजे मिळेलसं वाटलं. बैठं घर, दोनच पायऱ्या, मागच्या दारातून सरळ वाळू, दवाखाना सहा मिनिटांवर. किल्ली शेजारच्या शिंप्याकडे होती; मालकिणीला तो 'टपालमावशी' म्हणायचा. मालकीणबाई त्या दिवशी परगावी होत्या, फोनवरच भेटल्या. आवाज रोखठोक. "तिघांनी मागितलंय, आणि तिघेही कुत्रेवाले. तुमच्या कुत्र्याबद्दल चार ओळी लिहून पाठवा, मग बघते."

"छान लिहा हं," बाईंनी बजावलं. "शहाणा आहे, मायाळू आहे. बस्स."

साहेब हापिसात गेले, टेबलाशी बसले, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात खणातल्या छापील फॉर्मकडे गेला. संध्याकाळी घरी आले ते फॉर्म टपालात टाकूनच. नक्कल बाईंच्या हातात दिली तेव्हा त्यांचा चेहरा काम फत्ते झाल्यासारखा होता.

बाई वाचू लागल्या. आधीपासूनचे दोष: मागच्या डाव्या पायाला संधिवात, दाराची घंटा वाजल्यास अडीच मिनिटे भुंकणे. झालेले नुकसान: खुर्चीचे पाय दोन, चपला अकरा (जोड नव्हे, सुट्या), ग्रंथालयाचा शब्दकोश एक. त्यापुढची ओळ वाचून बाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, पोस्टमनला चावला हे लिहिलंत?"

"पोस्टमनला नाही. पोस्टमनच्या पिशवीला. तसं स्पष्ट लिहिलंय."

"कोण घर देणार आता आपल्याला?"

"खोटं कसं लिहू? उद्या काही झालं तर त्या म्हणतील, सांगितलं का नाही."

बाई आणखी बोलणार होत्या, पण त्यांची नजर कागदाच्या तळाशी गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी कागदाची घडी घातली, खणात ठेवली, आणि ढब्बूशेजारी जमिनीवर जाऊन बसल्या. साहेबांना वाटलं, ही चांगलीच रागावली.

पुढचे पाच दिवस साहेबांचा जीव टांगणीला लागला. फोन वाजला की ढब्बूच्या आधी ते दचकायचे. वखारवाल्या मेव्हण्यानं नवी साखळी आणल्याचं कळवलं, गंज न लागणारी. सहाव्या दिवशी मालकीणबाईंचा फोन आला. "या. कुत्र्याला घेऊन या." हो की नाही, काही सांगितलं नाही.

मालकीणबाई त्याच घराला लागून असलेल्या खोलीत राहायच्या. साहेब बाईंना आणि ढब्बूला घेऊन आत शिरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भिंतीवरचा तडा पाहिला नाही. कारण भिंतीवर खुंटीला खाकी पिशवी लटकत होती. टपालाची. शेजारी खाकी टोपी. शिंपी त्यांना 'टपालमावशी' का म्हणत होता ते साहेबांच्या आत्ता लक्षात आलं. ढब्बूनंही पिशवी पाहिली. साहेबांनी पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"बत्तीस वर्षं घरोघर टपाल वाटलंय," मावशी म्हणाल्या. "तीनदा चावून घेतलंय. बसा."

त्यांनी चष्मा लावला आणि फॉर्म समोर घेतला. बाजूला दोन चिठ्ठ्या होत्या. "या दोघांची कुत्री देवमाणसं दिसतात. भुंकत नाहीत, चावत नाहीत, केसही गळत नाहीत. बत्तीस वर्षांत असलं एकही कुत्रं मला भेटलं नाही. तुमचा कागद मी तीनदा वाचला. खुर्चीचे पाय, चपला, पिशवी, सगळं आलं." मग त्यांनी फॉर्म साहेबांसमोर सरकवून शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा एवढा राहिलाय."

'उरलेले आयुष्य'. पुढे कोरा कागद.

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. त्यांना उत्तर येत होतं. डॉक्टरीणबाईंना त्यांनी फार पूर्वीच विचारून घेतलं होतं, एवढ्या अंगाची कुत्री साधारण किती वर्षं काढतात ते. त्यातून साडेनऊ वजा करायला कागदसुद्धा लागत नव्हता. पेन रकान्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. ढब्बू त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवून पडला होता, पिशवी विसरून.

"विसरलो नव्हतो, मावशी," साहेब म्हणाले. "तेवढं मला लिहवलं नाही."

बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मावशींनी साहेबांच्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि फॉर्म घडी घालून स्वतःच्या खणात ठेवला. "अपुऱ्या पत्त्याची पत्रं मी कधी परत पाठवली नाहीत," त्या म्हणाल्या. मग उठून खुंटीवरची पिशवी उतरवली आणि कपाटात बंद केली. "आता किल्ली शिंप्याकडून घ्या. कधीपासून हवंय घर?"

साहेबांनी पाच गावं पालथी घातली होती, फळ्यांच्या फटी मोजल्या होत्या, दवाखान्याची मिनिटं मोजली होती. पुढच्या खोलीच्या छताला ओलीचा डाग होता, तोही पहिल्या भेटीतच त्यांना दिसला होता. त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

"आजपासून," ते म्हणाले.

"अहो, आज?" बाई दचकल्या. "सामान नाही, अंथरूण नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी आलोय आपण!"

"सामान येईल मागाहून. बदलीचा कागदही येईल. एक दिवससुद्धा कशाला घालवायचा?"

एवढं बोलून तडेसाहेब मागच्या दारातून बाहेर पडले आणि वाळूत गुडघे टेकून ढब्बूच्या गळ्यातला पट्टा सोडू लागले.