बाजार चौकातला मोठा ठिपका

मी आज जो काही आहे, तो दवनीवाड्याच्या शाळेतल्या माझ्या भूगोलाच्या बाईंमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. प्रवेशाच्या फॉर्मवर बाबांचा अंगठाच लागायचा होता. बाईंनी घरी येऊन आधी त्यांना सही शिकवली, मगच फॉर्म पुढे केला.

नकाशा भरून घेताना मात्र बाई कडक असत. एकदा नवेगाव बांध कुठे ते आठवेना, म्हणून मी अंदाजाने ठिपका दिला. बाई म्हणाल्या, "तलाव उचलून बालाघाटले नेलास. आता नवेगावचे लोक मासोळ्या कुठं धरतील? ठिकाण मालूम नाही त ठिपका काऊन देऊन राहिलास?" सगळा वर्ग हसला. जागा कोरी सोडली तर त्या अर्धा गुण द्यायच्या, चुकीच्या ठिपक्याला शून्य.

आता मी गोंदियात एका खासगी कंपनीत आहे. शहराची आणि लगतच्या वस्त्यांची माहिती संगणकावर नकाशात मांडतो. यंदा उन्हाळ्यात सरकारी कार्यालयातून तुंबलेल्या नाल्यांच्या तक्रारींची यादी आली. पत्ता दिला की सॉफ्टवेअर ठिपका लावतं. तक्रारी जास्त तिथे ठिपका मोठा. बाजार चौकात मोठा लाल ठिपका उमटला. आमच्या साहेबांना नकाशा आवडला आणि तो मंजुरीसाठी त्या कार्यालयात गेला. कुठल्या नाल्या आधी बांधायच्या, ते त्यावरूनच ठरणार होतं.

आठवड्यानंतर मी सहज मूळ यादी उघडली. 'राईस मिलच्या मागे, बोरिंगजवळ, कुडवा' असे कितीतरी पत्ते होते. असा पत्ता सॉफ्टवेअरला सापडत नाही, आणि सापडला नाही की ते तो शहराच्या मधोमध टाकतं. शहराबाहेरच्या कुडव्याच्या तक्रारी चौकात जाऊन बसल्या होत्या. त्यांत एक बाईंची होती. निवृत्त झाल्यापासून त्या तिथेच राहतात.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "भाई, अब तो मंजूरी हो गई. सबके साइन हो गए." दुरुस्त केलेला नकाशा घेऊन मी दोनदा त्यांच्याकडे गेलो. पुढच्या वर्षी बघू, एवढंच उत्तर मिळालं.

पावसाळ्यात बाईंकडे गेलो. अंगणात नालीचं पाणी होतं, त्यात विटा टाकून दारापर्यंत वाट केलेली. बाईंनी चहा दिला आणि मी केलेला नकाशा बघायचाच म्हणून बसल्या. मी मोबाईल पुढे केला. चष्मा पुसून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"चौकात एवढं पाणी साचते?"

"हो, बाई."

"मंग त्यायचं आधी होऊ दे."

घरी येऊन पत्र लिहिलं. फोनवर माझ्याने बोलवलं नसतं. पाकिटावर पत्ता तोच, राईस मिलच्या मागे, बोरिंगजवळ. पोस्टमनला तो पुरतो.

'आदरणीय बाई, साष्टांग नमस्कार.

चौकात पाणी साचत नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो. तो ठिपका तुमच्या गल्लीचा आहे. संगणकाला ठिकाण माहीत नव्हतं, पण तपासायचं काम माझं होतं, आणि मी तपासलं नाही. दुरुस्त नकाशा माझ्याजवळ आहे. तो कोणी घेत नाही. या वर्षी तुमची नाली होणार नाही. पुढच्या वर्षी होईल, असंही मला सांगता येत नाही. रविवारी येतो, आणखी विटा घेऊन.

आपला विद्यार्थी'